घरी विमान बांधताना: पत्रा बंद करण्याआधी स्टॅटिक लाइन तपासा

दुसऱ्या किटची ऑर्डर गेली आहे, म्हणून ही यादी लिहून काढतोय. बरीचशी कामं किटच्या मॅन्युअलमध्ये क्रमाने दिलेली असतात, ती इथे पुन्हा लिहीत नाही. एक मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण मागच्या विमानात नेमकं तेच राहिलं होतं. स्टॅटिक लाइन म्हणजे धडावरच्या छोट्या भोकांपासून (पोर्ट) बाहेरच्या हवेचा दाब उंचीमापक आणि वेगमापकापर्यंत नेणारी नळी. तिची गळती पत्रा रिव्हेट करण्याआधी तपासा. नंतर नाही, आधी.

जागेचं आधी बघा. व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या आरव्ही-7 या दोन आसनी किट-विमानाच्या पंखांचा टोकापासून टोकापर्यंतचा पसारा 25 फूट आहे, पण पंख शेवटी विमानतळावरच्या हँगरमध्येच चढवायचे असतात, त्यामुळे इथे अमेरिकेत दोन गाड्यांचं गॅरेज पुरतं. धड चाकांवर उभं राहिल्यावर दारातून निघेल का, ते मात्र खोके यायच्या आधी मोजा. मराठी माणसाशी हा विषय निघाला की कॅप्टन अमोल यादव यांचं नाव येतंच, आणि यायलाच हवं. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी स्वतःच्या आराखड्याचं सहा आसनी विमान उभं केलं, 2016 साली मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांसमोर आणलं आणि 2017 साली त्याची नोंदणी मिळवली. तिथे तयार भोकं पाडलेले पत्रे पुरवणारी कोणतीही कंपनी पाठीशी नव्हती. आरव्हीची 11,000 हून जास्त विमानं आजवर उडाली आहेत, म्हणजे आपल्याला अडलं तर विचारायला माणूस मिळतो. विचारा.

कागदपत्रं. एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचा 51 टक्क्यांचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असलं पाहिजे. पण त्याचा पुरावा ठेवायला लोक कंटाळतात. कामाचे फोटो तारखेसकट ठेवा आणि त्यातल्या काहींत तुम्ही स्वतः हातात हत्यार घेऊन दिसा. हाच गठ्ठा पुढे रिपेअरमन प्रमाणपत्राला उपयोगी पडतो, आणि ते मिळालं की स्वतःच्या विमानाची दरवर्षीची तपासणी स्वतःच करता येते. एन-नंबरची, म्हणजे विमानाच्या अमेरिकी क्रमांकाची, नोंदणी शेवटच्या महिन्यावर टाकू नका. ईएए ही घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना 1953 पासून चालू आहे. तिचे टेक्निकल काउन्सिलर घरी येऊन काम बघतात. त्यांना काम संपल्यावर बोलावण्यात अर्थ नाही, पत्रे उघडे असताना बोलावा. ते रिव्हेट बघतील, बोल्ट बघतील. तुम्ही त्यांना स्टॅटिक लाइन दाखवा.

हत्यारं: क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना), स्क्वीझर, रिव्हेट गन, बकिंग बार, डिंपल डाय, कॉम्प्रेसर. दोन-चार जुन्या बांधणाऱ्यांकडून एकगठ्ठा मिळाली तर बरीच स्वस्त पडतात. टॉर्क रेंच इंच-पाउंडातला घ्या, मोटारीच्या कामाचा फूट-पाउंडातला चालणार नाही. एएन3 या लहान बोल्टला 20 ते 25 इंच-पाउंड लागतात, मोठ्या रेंचला तेवढा जोर कळतसुद्धा नाही. रिव्हेटचं दाबलेलं डोकं मूळ कांडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं हवं. थोडं वाकडं झालेलं रिव्हेट काढायच्या नादात भोक मोठं करून ठेवाल, त्यापेक्षा आधी जाणत्याला दाखवा. भोकांच्या कडा घासायच्या, हे सांगायची गरज नसावी.

इंधनाच्या टाक्या. सीलंट हाताला, केसांना, दाराच्या कडीला, सगळीकडे लागतं, त्यामुळे जुने कपडे घाला. टाकी तयार झाली की तिला फुगा बांधून आणि साबणाचं पाणी लावून गळती तपासा. फुगा दिवसाच्या तापमानाप्रमाणेही लहानमोठा होतो, म्हणून बुडबुड्यांवर विश्वास ठेवा. टाकीची तपासणी सहसा कोणी चुकवत नाही, कारण 100एलएल पेट्रोल निळं असतं आणि गळलं की डाग दिसतो. स्टॅटिक लाइन गळली तर कुठेही डाग पडत नाही, थेंब पडत नाही, वास येत नाही. म्हणूनच ती राहते.

आता उपकरणं. इथे जरा सावकाश वाचा.

स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारी पेटी) ही सगळी खरेदी होईल तेवढी उशिरा करा. विमान बांधायला वर्षं लागतात आणि तेवढ्यात मॉडेल जुनं होतं, शिवाय वॉरंटी कपाटातच संपते. पण खरेदी उशिरा म्हणजे विचारही उशिरा, असं नाही. कोणती वायर कुठून जाणार, कोणती पेटी कुठे बसणार, हे धड उघडं असतानाच ठरवा आणि पंखांत आणि धडात वायरीसाठी रिकामी नळी टाकून ठेवा. एक जास्तीची टाका. पिटो हीट (वेगासाठी समोरची हवा घेणाऱ्या पिटो नळीचा हीटर), लँडिंग लाइट, ऑटोपायलटची सर्व्हो यांपैकी काहीतरी नंतर सुचतंच.

वायर विमानाचीच घ्या, टेफ्झेल वेष्टनाची. मोटारीच्या दुकानातली पीव्हीसी वायर जळली की केबिनमध्ये विषारी धूर कोंडतो आणि हवेत गाडी बाजूला घेऊन उतरता येत नाही. क्रिंपिंगचं हत्यार रॅचेटवालं घ्या. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना लेबल लावा, एका टोकाला लावून भागत नाही. अर्थिंग सगळं एका जागी आणा, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) एकाच ब्लॉकवर. जिथे सापडेल तिथे पत्र्याला स्क्रू मारून अर्थ घेतलात तर पुढे रेडिओत अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येईल आणि ती कुठून येते हे शोधण्यात जीव जाईल. दिशा सांगणारा मॅग्नेटोमीटर लोखंडापासून आणि जास्त करंटच्या वायरींपासून लांब, आणि त्याचे स्क्रू पितळी. दिवे लावून-बंद करून दिशा हलते का ते बघा. हलली तर जागा बदला, सॉफ्टवेअरमध्ये जुळवत बसू नका.

वेग आणि उंची काढणाऱ्या एअरडेटाच्या पेटीला तीन नळ्या लागतात: पिटो, अँगल ऑफ अटॅक (पंखाचा हवेशी होणारा कोन) आणि स्टॅटिक. तिघींना तीन रंग द्या आणि रंग कागदावर लिहून पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटवा. अदलाबदल झाली तर जमिनीवर काहीच कळणार नाही.

आणि आता तीच, स्टॅटिकची नळी.

आरव्हीच्या किटमध्ये स्टॅटिक पोर्ट म्हणजे धडाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना बसवलेले पॉप रिव्हेट, मधली कांडी काढून टाकलेले. त्यांचं डोकं पत्र्याच्या थोडं वर राहतं, ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. दिसायला गुळगुळीत म्हणून सपाट पोर्ट बसवले की वेग चुकीचा दिसायला लागतो. तिथून नळी पुढे येते, वाटेत चार-पाच जोड असतात, आणि गळती जवळजवळ नेहमी जोडात असते. पाव इंची प्लॅस्टिकची नळी साध्या पक्कडीने कापली की टोक चेपून लंबगोल होतं. पुश-फिट जोडाच्या आतली रबरी रिंग गोल नळीभोवतीच नीट बसते, लंबगोल टोकाच्या बाजूने हवा निसटते. नवीन पातं घ्या, काटकोनात कापा, टोकावरून नख फिरवा, ओरखडा लागला तर अर्धा इंच सरळ कापून टाका. नळी जोडात बसली असं वाटतं त्यानंतर ती आणखी थोडी आत जाते. घालण्याआधी पेनाने खूण केलीत तर पूर्ण गेली की नाही हे डोळ्यांना दिसतं. नळीचा सगळ्यात खालचा बिंदू ठरवून ठेवा, पावसाचं पाणी आत गेलं तर तिथेच साठेल आणि तिथूनच काढता येईल.

तपासायचं कसं? औषधाच्या दुकानातली 60 मिलीची पिचकारी, हातभर रबरी नळी, एक चिमटा, चिकटपट्टी आणि एक जुना उंचीमापक. पॅनल अजून तयार नाही म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते आणि तेवढ्यात पत्रा बंद होतो, म्हणून उंचीमापक कुणाकडून तरी उसना आणा आणि नळीच्या मोकळ्या टोकाला लावा. एका बाजूचा पोर्ट बंद करा, दुसऱ्यातून हळूहळू हवा खेचा, काटा 1000 फूट वर गेला की चिमटा लावा आणि मिनिटभर बघत राहा. एफएएच्या निकषाप्रमाणे बिनदाबाच्या केबिनच्या विमानात एका मिनिटात 100 फुटांपेक्षा जास्त घसरण चालत नाही. नव्या कोऱ्या लाइनमध्ये मी तर काटा हलूही देणार नाही. मग हवा हळूच आत सोडा, झटक्याने नाही. उपकरणं जोडलेली असताना तपासत असाल तर पिटो आणि स्टॅटिक एकाच टी-जोडातून खेचा, म्हणजे वेगमापकाच्या आतल्या पातळ पडद्यावर (डायफ्रॅमवर) ताण येत नाही. तोंडाने फुंकू नका. स्टॅटिकमध्ये फुंकलेली हवा वेगमापक उलटा ढकलते आणि ते उपकरण गेलं समजा.

एवढा आग्रह का? उडताना केबिनमधला दाब बहुतेक विमानांत बाहेरच्या दाबापेक्षा थोडा कमी असतो. पॅनलमागे जोड गळत असेल तर उपकरणांना तो कमी दाब मिळतो, मग उंची खरीपेक्षा जास्त दिसते आणि वेगही खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणजे उतरताना तुम्ही समजता त्यापेक्षा विमान हळू चाललेलं असतं, स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, जास्त जवळ. नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणात वैमानिकाला त्याचा स्वभाव अजून माहीत नसतो, तेव्हा त्याच्याजवळ तो एक आकडाच असतो. शिवाय कायद्याने दर 24 महिन्यांची स्टॅटिक तपासणी आयएफआर (उपकरणांच्या भरवशावर, ढगांतूनही) उडणाऱ्यांना लागते. फक्त व्हीएफआर (बाहेर बघून) उडणाऱ्याच्या मागे तिच्यासाठी कोणी लागत नाही. आपण स्वतःच्या मागे लागायचं.

केव्हा तपासायचं तेही लिहितो, कारण एकदा तपासून सुटका होत नाही. मागच्या धडाचा वरचा पत्रा लावण्याआधी. पॅनलवरचा पुढचा पत्रा रिव्हेट करण्याआधी, आणि हा पत्रा वायरिंग पूर्ण होईपर्यंत क्लेकोवरच राहू द्या, कितीही घाई झाली तरी. सगळी उपकरणं जोडल्यावर. सीट, कार्पेट आणि सामानाच्या कप्प्याचे पत्रे बसल्यावर, कारण तिथे काम करताना कुणाचं तरी कोपर नळीला लागतं. भिंतीवर कागद लावा आणि प्रत्येक वेळी किती फूट घसरलं ते तारखेसह लिहा.

पोर्ट बंद करायची चिकटपट्टी भडक रंगाची, लांब शेपटी सोडून लावा, आणि काढा. 2 ऑक्टोबर 1996 रोजी एरोपेरूचं बोइंग 757 लिमाजवळ समुद्रात कोसळलं, 70 माणसं गेली. विमान स्वच्छ करताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली पट्टी काढायची राहिली होती. रात्रीची वेळ, खाली काळा समुद्र, आणि उंची-वेगाचे आकडे खोटे. धंदेवाईक वैमानिकांना ते सावरता आलं नाही. तेव्हा पट्टी काढली का, हे तुमच्याशिवाय दुसऱ्या माणसाने बोट लावून बघावं.

पुढचं भराभर. ट्रान्सपॉन्डर आणि एडीएस-बी (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा) यांची तपासणी विमानाच्या उपकरणांच्या दुकानातून करून घ्या. 1 जानेवारी 2020 पासून बऱ्याच हवाई हद्दीत एडीएस-बी आउट लागतंच. ती करायला दुकानवाला येईल तेव्हा स्टॅटिकची तपासणीही त्याच्याकडून करून घ्या, घरची पिचकारी असली तरी. वजन तीन काट्यांवर, विमान समतल करून, हँगरची दारं बंद करून. इंधनाचा प्रवाह मोजा: पंपावर चालत असेल तर टेकऑफला लागतो त्याच्या 125 टक्के, नुसत्या उताराने येत असेल तर 150 टक्के, आणि नाक वर उचललेल्या स्थितीत. नवीन इंजिन जमिनीवर उगाच चालवत ठेवू नका, पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत. ‘एक्सपेरिमेंटल’ची अक्षरं, प्रवाशासाठीचा इशारा, न जळणारी डेटा प्लेट. डीएआर (एफएएच्या वतीने विमान तपासणारा) येण्याआधी सगळी झाकणं उघडी ठेवा.

चाचणी उड्डाणांचा पहिला टप्पा 25 तासांचा किंवा 40 तासांचा, इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) यांची जोडी प्रमाणित आहे की नाही त्यावर. त्यात तीन-चार दिशांना उडून जीपीएसचा वेग वेगमापकाशी ताडून बघा. फरक आला तर आधी गळती, मग पोर्टचा आकार, आणि हे दोन्ही ठीक निघालं तरच उपकरणाच्या सेटिंगला हात लावा. पुढे कधीही पॅनलमागे हात घातलात, अगदी रेडिओ बदलण्यापुरता, तरी उडण्याआधी पिचकारी पुन्हा बाहेर काढा.