हलगीचा आवाज मागे पडत होता, तो असा जुळवला

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं शूटिंग घरातल्या तिघांच्या मोबाइलवर झालं. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं, तर लांब क्लिपच्या शेवटी शेवटी हलगीवर काठी पडताना दिसायची आणि आवाज मागून यायचा. आवाज सरकवून उपयोग नव्हता. सुरुवात जुळली की शेवट बिघडायचा.

कारण मोबाइलचं रेकॉर्डिंग. उजेड कमी झाला की तो सेकंदाला घ्यायच्या फ्रेम, म्हणजे चित्रं, कमी-जास्त करतो, आणि एडिटरला ठरावीक वेग लागतो. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं, व्हिडिओ टॅबमध्ये ३० फ्रेम आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून सगळ्या क्लिप बदलून घेतल्या. रिझॉल्व्हमधल्या नवीन प्रोजेक्टचा वेगही क्लिप आत घेण्याआधीच ३० ठेवला, कारण नंतर तो बदलता येत नाही. हलगी अगदी ठोक्यावर आली! फार समाधान वाटलं.

मग तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम असे वेगळे बिन, म्हणजे क्लिपचे फोल्डर, केले. कापायला कंट्रोल-बी; नको तो तुकडा डिलीटने काढला की पुढचं आपोआप सरकतं, बॅकस्पेसने मात्र तिथे रिकामी जागा राहते. मूळ फाइली अजून पुसलेल्या नाहीत.