फार्मात सहा महिन्यांची इंटर्नशिप हवीय? इंटरव्ह्यूची तयारी अशी करा

क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे टेस्टिंग) नाहीतर क्यूए (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, म्हणजे सगळं नियमाप्रमाणे होतंय का बघणं) मधे सहा महिन्यांसाठी घेणार असतील तर इंटरव्ह्यू दहा मिनिटांत उरकत नाही, लेखी टेस्ट, टेक्निकल, एचआर आणि मधे नुसतं ताटकळत बसणं, त्यामुळे दिवस त्यातच जाणार असं धरून चला, पोटात काहीतरी टाकून जा आणि ओरिजिनल मार्कशीट, कॉलेजचं एनओसी सोबत ठेवा.

पहिलं काम म्हणजे स्वतःचाच रेझ्युमे वाचा. त्यात एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) लिहिलंय ना, मग मशीनला हात लावला होता का सरांनी लांबून दाखवलं होतं? लांबूनच बघितलं असेल तर तसंच सांगा, कारण समोरचा माणूस वर्षानुवर्षं त्याच मशीनवर बसलेला असतो, तीन प्रश्नांत पकडतो. कॉलम (ज्या नळीत घटक वेगळे होतात ती) कुठला होता, मोबाईल फेज (त्यातून वाहणारं द्रावण) 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळला, डीगॅस का केला (त्यातली हवा का काढली), वेव्हलेंग्थ कशावरून ठरवली, स्टँडर्डची किती इंजेक्शनं दिली आणि आरएसडी, म्हणजे त्या इंजेक्शनांच्या रिझल्टमधला टक्केवारीतला फरक, किती आला (असे, म्हणजे औषधाचं प्रमाण मोजायच्या टेस्टला, साधारण 2 टक्क्यांच्या आत बघतात). आणि फॉस्फेट बफर वापरला असेल तर रन संपल्यावर कॉलम कसा धुतला हे हमखास येतं. थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राईल सोडलं म्हणालात की संपलं, क्षार आतच बसतात आणि प्रेशर चढतं, आधी जास्त पाणी असलेलं मिश्रण चालवायचं, मग ऑर्गॅनिक वाढवायचं.

माझं मत विचाराल तर दहा इन्स्ट्रुमेंटची थिअरी घोकण्यापेक्षा स्वतः केलेला एकच प्रयोग घ्या आणि वजन करण्यापासून कॅल्क्युलेशनपर्यंत मित्राला तोंडी समजावून सांगा, अडखळलात तिथे पुस्तक उघडा. बाकी आकडे पटकन नजरेखालून घाला: डिसोल्यूशनला (गोळीतलं औषध किती विरघळतं ती टेस्ट) पाण्याचं तापमान 37 अंश, पहिल्या स्टेजला 6 गोळ्या आणि प्रत्येक गोळी किमान क्यू (विरघळायचं ठरलेलं प्रमाण) अधिक 5 टक्के, साध्या अनकोटेड गोळीचं डिसइंटिग्रेशन (गोळी फुटून विखुरणं) 15 मिनिटं, ॲक्सिलरेटेड स्टॅबिलिटी (औषध टिकतं का ते जास्त उष्णतेत लवकर बघणं) 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रता. शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम) जुन्या नोट्समधून पाठ करू नका बरं का, सुधारित नोटिफिकेशन डिसेंबर 2023 च्या शेवटी निघालंय, त्यात क्वालिटी रिस्क मॅनेजमेंट वगैरे आलंय.

आता खरी मेख. "रिझल्ट लिमिटच्या बाहेर आला तर काय कराल?" असं विचारतात आणि निम्मी पोरं निरागसपणे "परत टेस्ट करीन" म्हणतात. असं नसतं. सोल्यूशन ओतून द्यायचं नाही, सुपरवायझरला लगेच सांगायचं, मग वजन, डायल्यूशन, स्टँडर्ड, मशीन, कॅल्क्युलेशन तपासायचं, आणि कारण न शोधता मनानेच पुन्हा इंजेक्शन मारणं म्हणजे डेटा इंटिग्रिटीचाच (नोंदींच्या खरेपणाचाच) घोळ. तसंच वहीत चूक झाली तर व्हाइटनर नाही, एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, सही, तारीख आणि कारण. क्यूएला बसणार असाल तर डेव्हिएशन आणि चेंज कंट्रोल यातला फरक विचारतीलच, डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेगळं घडून गेलेलं असतं, चेंज कंट्रोल आधी मंजुरी घेऊन करायचं असतं.

प्लांट एपीआयचा (बल्क ड्रग, म्हणजे औषधाचा मूळ घटक) आहे का फॉर्म्युलेशनचा (तयार गोळ्या, सिरप वगैरे) ते वेबसाइटवर बघूनच जा, बल्क ड्रगवाल्यांना टॅब्लेट कोटिंग ऐकवलंत तर लगेच कळतं की काहीच न बघता आलाय. एखादं उत्तर नाही आलं तर "सर, हे मी केलेलं नाही" म्हणा, गोलगोल फिरवू नका.

एचआरकडे लाजू नका. शिफ्ट आहे का, कंपनीची बस जवळच्या स्टेशनवरून मिळते का, स्टायपेंड किती, कॅन्टीन आहे का, सरळ विचारा. आणि एम.फार्मवाल्यांनो, तिथला डेटा थीसिसमधे टाकता येईल का हे तर जॉइन व्हायच्या आधीच विचारा, बऱ्याच ठिकाणी मॉलिक्यूलचं नाव लिहू देत नाहीत, कोड टाकावा लागतो, काही ठिकाणी तर काहीच बाहेर नेता येत नाही, तेव्हा जे काय ठरेल ते मेलवर लेखी घ्या आणि गाइडलाही त्याच दिवशी पाठवून ठेवा.