पोट काहून सुटलं, हे आपलं आपणच शोधा

मी कृषी केंद्रावर बसतो. बियाण्या-खताच्या सीझनमध्ये सकाळी आठपासून रात्रीपर्यंत एकच खुर्ची, जो शेतकरी येईल त्याच्यासंग कट चहा, अन् असं करता करता वजन ९१ किलो झालं तेव्हा गावातला जो तो डॉक्टर झाला. भात सोड, रात्रीचं जेवण सोड, उपाशीपोटी लिंबू-मध घे. दोन महिने सगळं केलं बाप्पा, चिडचिड तेवढी वाढली, काटा होता तिथंच. मध म्हणजे शेवटी साखरच, त्यानं चरबी वितळत नाही, हे मले नंतर समजलं.

तर पहिलं काम, माप घ्या. टेलरकडचा टेप आणा, शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड याच्या मधोमध धरा, श्वास रोखून पोट आत घेऊ नका (कोणाले दाखवायचं हाय?). माणसाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर अन् बाईची ८० च्या वर असली की सावध व्हायचं, कारण पोटाच्या आतली चरबी शुगर-बीपीले जवळची. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, काढायचा असंन तर किलोतल्या वजनाले मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. आपल्या लोकांसाठी २३ पासून वजन जास्त अन् २५ पासून लठ्ठपणा धरतात. माझा ३२ निघाला.

मग सात दिवस वहीत लिहा. काय खाल्लं, किती वाजता, किती झोपलो, सगळं. चहा, शेव, लग्नातली बुंदी, काहीच सोडू नका. आहार त्या हप्त्यात बदलू नका, नाहीतर वहीत खोटाच माणूस दिसते.

माझ्या वहीत भाताचा काही गुन्हाच नव्हता. दिवसाले बारा कट चहा, एकात दीड चमचा साखर, म्हणजे अठरा चमचे, चमच्याले २० कॅलरी धरल्या तर ३६०, जवळपास दोन भाकरी नुसत्या चहातून! अन् मी तिकडे भात सोडून बसलेलो. तसंही ज्वारी, गहू, तांदूळ, किलोले किलो पाहिलं तर कॅलरी सारख्याच पडतात, भाकरीत चोथा जास्त म्हणून पोट लवकर भरते एवढंच. दुसरं निघालं तेल. आमच्या चार माणसांत महिन्याले पाच लिटरची कॅन संपे, हिशेब केला तर माणशी रोज साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तर्रीवर लाल तेल तरंगलं नाही तर आमच्याकडे भाजीले भाजी म्हणतच नाहीत, त्याले कोण काय करणार.

बायकोची वही साफ वेगळी. तिचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, अन् उपासाच्या दिवशीच खाणं जास्त, कारण साबुदाण्याची उसळ म्हणजे स्टार्च, वरून शेंगदाण्याचा कूट अन् तेल. शिवाय रात्री उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तिच्याच पोटात, अन् झोप पाच तास. झोप कमी पडली की भूक वाढते, ते काही मनाचे लाड नाहीत. तिनं भगर अन् ताकावर उपास आणला, उरलेली भाजी सकाळच्या डब्यात टाकली. माझं पाहून तिनं चहा बंद केला असता तर तिचं काय उतरणार होतं?

चुलतभाऊ माझ्यापेक्षा कमी खाते तरी सुटत चालला होता, थकवा, थंडी सोसत नाही, पोट साफ नाही. त्याले लोक आळशी म्हणत. टीएसएच नावाची रक्ताची तपासणी केली तर थायरॉईड निघालं. पण डॉक्टरनं त्याले हेही सांगितलं की थायरॉईडनं बहुतेकदा काही किलोच वाढतात, त्यातही पाणी बरंच, बाकीचं जेवणातूनच पाहायचं. पाळी चुकत असंन तर बायांनी पीसीओडीची (हार्मोन बिघडल्यानं होणारा अंडाशयाचा त्रास) तपासणी करून घ्यावी. अन् सांधेदुखीसाठी कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या गोळ्या खात असाल तर त्यात स्टिरॉईड असू शकते, त्यानं वजन वाढते. पण लय दिवसाच्या गोळ्या एकदम तोडू नका, आधी डॉक्टरले दाखवा. शुगरची औषधं चालू आहेत त्यांनीही विचारल्याशिवाय जेवण सोडू नये, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

"शेतात राबणाऱ्याले व्यायाम कायले?" हे तर रोज ऐकतो. कापूस वेचणीपर्यंत ठीक, पण उन्हाळ्यात काम नसते अन् भूक सीझनचीच राहते. मे महिन्यात फिरायचं तर सहाच्या आत, नंतर ऊन जीव घेते. हप्त्यातून दोनतीनदा बैठका मारा, पाण्याच्या कॅनी उचला, म्हणजे वजन उतरताना अंगातली ताकद जात नाही. नुसतं पोटाचा व्यायाम करून पोटच कमी होईल असं मात्र होत नाही, चरबी कुठून आधी जाईल ते शरीर ठरवते.

वहीतल्या एकदोनच गोष्टी बदला. हप्त्याले अर्धा किलो उतरलं तरी भरपूर, वजन पाच टक्के कमी झालं तरी शुगर-बीपीले फायदा होते. मी चहा बाराचा तीनवर आणला, साखर अर्धा चमचा, तेलाची कॅन तीन लिटरची. दुकानातल्याच बियाण्याच्या काट्यावर दर सोमवारी उभा राहतो, ८४ भरलं. दोन महिन्यांपासून तिथंच अडलं हाय, कारण हलक्या शरीराले खर्चही कमी लागते, म्हणून पोळा झाला की वही परत काढतो. पोळ्याच्या हप्त्यातलं लिहिण्यात मतलब नाही, घरात पुरण शिजते.