वजन उतरलं ते विषाणूने, की मे महिन्याने?

डासांतून पसरणाऱ्या विषाणूंचा विषय खानदेशात घरबसल्या सापडतो. कूलरच्या टाकीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही की एडिस डासाच्या अळ्या वळवळताना दिसतात. अडतं ते पुढे, प्रयोगशाळेत या विषाणूंच्या प्रयोगासाठी प्राणी निवडताना.

बाल्ब-सी या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जातीच्या धडधाकट उंदराला डेंग्यू टोचला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. माणसाच्या पेशीतलं स्टॅट-२ हे प्रथिन मोडून हा विषाणू इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू आल्याची पेशींना वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा, निरोप अडवतो. उंदराचं स्टॅट-२ मात्र त्याला मोडता येत नाही. म्हणून डेंग्यू-झिकासाठी इंटरफेरॉनचे ग्राही (त्याचा निरोप टिपणारी प्रथिनं) नसलेले एजी-१२९ उंदीर घेतात. त्यांच्यात लस उत्तम ठरली म्हणून माणसातही ठरेलच असं समजू नका. प्रतिकाराचा एक अख्खा हात आधीच काढून ठेवलेला असतो.

नवख्याने चिकुनगुन्यापासून सुरुवात करावी. साध्या सी-५७ जातीच्या काळ्या उंदराच्या तळपायात टोचला तरी पाय सुजतो: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा, सहाव्या-सातव्या दिवशी जास्त. डिजिटल व्हर्नियरने पंजाची रुंदी आणि जाडी मोजून गुणाकार घ्यायचा. टोचण्याआधीचं माप हवंच. व्हर्नियरचे जबडे कातडीला नुसते टेकवा. दाबले की सूजच चेपते. रोज एकाच माणसाने मोजावं, आणि कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे त्याला माहीत नसलेलं बरं.

आता वजन. २० ग्रॅमच्या उंदराचं वजन १६ ग्रॅमवर आलं, म्हणजे २० टक्के उतरलं, की बहुतेक आराखड्यांत प्रयोग तिथेच थांबवून त्याला वेदनारहित मरण द्यायचं असतं. पण ते उतरलं कशाने? प्राणीगृह २२ अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. बाहेर पारा ४५ वर असताना रात्री वीज गेली आणि जनरेटर उशिरा लागला, तर सकाळी उंदरांनी खाणं टाकलेलं दिसतं. म्हणून खोलीत कमाल-किमान तापमापक लावा आणि रोज सकाळी त्याची नोंद वहीत घ्या. विषाणूशिवाय नुसतं माध्यम टोचलेल्या गटाचंही वजन उतरलं असेल, तर दोष विषाणूचा नाही.

दुसरा चकवा पाण्याच्या बाटलीचा. बाटल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतल्या की नळीतल्या गोळीवर पांढरा थर बसतो आणि गोळी अडकते. बाटली भरलेली दिसते, उंदीर मात्र रात्रभर तहानलेले. सकाळी पाठीला बाक, केस पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले: हुबेहूब संसर्गाची लक्षणं! पिंजऱ्यात लावण्याआधी प्रत्येक नळीला बोट लावून थेंब येतो का ते बघा.

रक्त घेताना हात आखडता हवा. २० ग्रॅमच्या उंदरात रक्त जेमतेम दीड मिलिलिटर. एका वेळी त्याच्या दहाव्या भागाहून जास्त काढू नये. रक्तातला विषाणू मोजताना आरटी-पीसीआर ही चाचणी मेलेल्या विषाणूचाही जीनोम (जनुकीय साखळी) मोजते, जिवंत किती आहेत ते प्लाक चाचणीतच कळतं: व्हेरो या माकडाच्या पेशींच्या थरात जिवंत विषाणूने पाडलेली भोकं त्यात मोजतात.

परवानग्यांचं आधीच बघा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली प्राणीगृहाची सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे) नोंदणी, संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि जैवसुरक्षा समितीचा होकार, हे सगळं उंदीर मागवण्याआधी लागतं. एमएस्सीच्या एका सत्रात हे बसत नाही. मंजूर प्रकल्प चालू असलेल्या प्रयोगशाळेत जागा मिळवणं शहाणपणाचं. उंदीर बाहेरून येणार असतील तर उन्हाळ्यात गाडी रात्रीच बोलवा आणि आल्यावर किमान सात दिवस त्यांना हात लावू नका.

टोचून झाल्यावर उरलेला विषाणू फेकू नका. बर्फावर ठेवून त्याच दिवशी त्याची प्लाक चाचणी लावा. वारंवार गोठवला-वितळवला की त्याचं बळ घटतं, आणि उंदीर आजारी का पडले नाहीत याचं उत्तर बरेचदा तिथेच असतं. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावू नका, सुई सिरिंजसकट थेट कडक डब्यात टाका.