टायर फक्त आतल्या कडेने झिजतोय? आधी टाय रॉड एंड तपासा

बडोदा, जुनी हॅचबॅक. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजायचे. ट्रेडवरून (टायरच्या नक्षीवरून) हात आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला तर करवत. हवा कमी-जास्त केली, टायर अदलाबदल केले, अलाइनमेंटही केली. पैसे गेले ते गेलेच.

मकरपुऱ्यातल्या मेकॅनिकने आधी पुढचं चाक जॅकवर घेतलं आणि घड्याळातल्या तीन-नऊच्या जागी धरून हलवलं. टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा सांधा) खटखटला! सांधाच सैल असेल तर टो (वरून पाहिलं तर चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते) टिकणार कसा? एंड बदलला. टायर थंड असताना दोन्हीकडे हवा सारखी केली. स्टीअरिंग सरळ ठेवून लॉक केलं, लॉकनट (रॉड जागेवर धरणारे नट) ढिले केले आणि टो-आउट (चाकं पुढून बाहेर वळलेली, म्हणूनच आतली कड घासायची) काढत दोन्ही रॉड सारखेच फिरवून टो कंपनीच्या आकड्यात आणला. (एकच बाजू फिरवली तर स्टीअरिंग वाकडं बसतं.) नट कसल्यावर रीडिंग पुन्हा घ्यायला लावा, कसतानाच टो हलतो. कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेरचा कल) ठीकच होता.