कॉलम गेला तर? उंच इमारतींच्या डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

वारा, भूकंप आणि ईटॅब्स (इमारतीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) येत असेल, तर अर्ध्या वाटेवर आहात. धडक आणि स्फोटाचं काम वेगळं. बळ किती येणार हेच ठाऊक नसतं. म्हणून एक कॉलम गेलाच असं धरायचं आणि वरचा भार कुठून उतरेल ते शोधायचं.

लंडनमधलं रोनन पॉइंट, १९६८. बावीस मजले, प्रीकास्ट पॅनेल (कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या भिंती). १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण गेले. जिच्या घरात स्फोट झाला ती बाई मात्र वाचली! म्हणजे स्फोट अवाढव्य नव्हता, जोडच कच्चे होते.

आता मी जिथे अडकलो ते. सॉफ्टवेअरमध्ये कॉलम डिलीट केला, बीम पास. बरं वाटलं. पण नीट बघा: कॉलमवर बीमला ताण वरच्या बाजूला, म्हणून तिथे मुख्य सळई वर. कॉलम गेला की दोन गाळ्यांचा (दोन कॉलममधल्या अंतरांचा) एक होतो, त्याच जागी बीम खाली वाकतो आणि ताण तळाला येतो. तळाची सळई तिथे असते का? आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सलग बीममध्ये तळाची फक्त पाव सळई आधारात न्यावी लागते, तीही थोडीशीच. आयएस १३९२० (भूकंपासाठी सळयांचे नियम) पाळलं असेल तर तळाला किमान दोन सळया सलग असतात, निम्मी काळजी मिटते. शिवाय कॉलम अचानक जातो. म्हणून जीएसएच्या (अमेरिकी सरकारी इमारती सांभाळणारी संस्था) २००३च्या मार्गदर्शिकेत स्थिर विश्लेषणाला भार दुप्पट धरलाय. मी तो धरलाच नव्हता.

'प्रोग्रॅम पास म्हणतोय ना' म्हणणारा सीनियर भेटला तर त्याच्याकडून फार शिकायला मिळणार नाही. बार बेंडिंग शेड्यूल (सळयांच्या मापांचा तक्ता) हातात देऊन प्रश्न विचारणारा खडूस असला तरी धरून ठेवा. पंधरवड्याच्या 'टॉल बिल्डिंग' कोर्सवर पैसे घालू नका. घाबरूही नका, मोमेंट डायग्राम (बीम कुठे किती वाकतोय याचा आलेख) हाताने काढता आला की निम्मं काम झालं.

पार्किंगसाठी ट्रान्सफर गर्डर (खाली कॉलम नको तिथे वरच्या कॉलमचा भार पेलणारा मोठा बीम) टाकताना अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या मरा (Murrah) इमारतीबद्दल वाचा. १९९५च्या स्फोटात खालचे कॉलम गेले, गर्डर पडला आणि त्यावरचे मजले आले.

वर्ल्ड ट्रेड सेंटरबद्दल मात्र नंतर वाचा. विमानाच्या धडकेनंतर दक्षिण टॉवर ५६ मिनिटं उभा होता, उत्तर १०२. अग्निरोधक थर उडालेल्या पोलादाला आगीने नमवलं. त्यासाठी आधी आगीचं डिझाइन शिकावं लागेल.