दोन भाषांमधल्या स्वतंत्र चित्रपटाचा नाशिकमध्ये खास खेळ लावायचा तर

दोन देशांतली माणसं, दोन-तीन भाषा आणि पाठीशी मोठा वितरक नाही, अशा चित्रपटाचा एकच खेळ लावायचा असेल तर पहिला महिना पाहुणे, पोस्टर आणि पुष्पगुच्छांत घालवू नका. असा खेळ फसतो तो बहुतेक वेळा दोन ठिकाणी: कागदपत्रांत आणि सबटायटलमध्ये. बाकीचं निभावून नेता येतं.

कागद आधी. निर्मात्याची किंवा हक्क विकणाऱ्या एजंटची लेखी परवानगी हातात येईपर्यंत सभागृहाचे पैसे भरू नका. ईमेल असला तरी चालतो. दिग्दर्शक ओळखीचा आहे आणि ‘लावा बिनधास्त’ म्हणाला, एवढ्यावर भागत नाही, कारण हक्क अनेकदा त्याच्याकडे उरलेलेच नसतात. परवानगीत तारीख, सभागृह, खेळांची संख्या, खुर्च्या, प्रवेश मोफत की तिकीट लावून, प्रत कोणत्या स्वरूपात मिळणार आणि मराठी सबटायटल करण्याची मुभा, एवढं स्पष्ट हवं. घरचं ओटीटी सबस्क्रिप्शन सभागृहात लावणं मोफत खेळालाही चालत नाही.

दुसरा कागद सेन्सॉर प्रमाणपत्राचा. परदेशी स्वतंत्र चित्रपटाला ते बहुधा नसतं. महोत्सवांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालय सूट देतं, पण ती अव्यावसायिक खेळापुरती आणि नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरती. म्हणजे तिकीट लावायचा बेत असेल तर प्रमाणपत्र असलेलाच चित्रपट घ्या. प्रमाणपत्र असेल तर त्यावरची लांबी तुमच्या फाइलशी मिनिटाला मिनिट ताडून बघा. परदेशी महोत्सवाची न कापलेली प्रत चुकून येते. नवी सबटायटल घालणं हा प्रमाणित प्रतीतला बदल धरला जाईल का, तेही सेन्सॉर मंडळाच्या मुंबई कार्यालयाला आधीच विचारून ठेवा. या सगळ्याला दोन महिने हाताशी हवेत.

आता जागा. मल्टिप्लेक्सचा पडदा सकाळच्या वेळेला भाड्याने मिळाला तर चित्र-आवाजाची चिंता संपते. तिथे डीसीपी, म्हणजे सिनेमागृहाच्या सर्व्हरवर चालणारी डिजिटल प्रत, लागते. डीसीपी कुलूपबंद असेल तर केडीएम नावाची डिजिटल किल्ली येते. ती त्याच पडद्याच्या सर्व्हरसाठी बनलेली असते आणि ठरलेल्या वेळेतच उघडते. पडदा १ साठी मागवलेली किल्ली पडदा ३ वर चालत नाही. परदेशातून आलेल्या किल्लीची वेळ ग्रीनिचची असेल, तर त्यात साडेपाच तास मिळवा. किल्लीवर १० लिहिलंय म्हणून सकाळी १० ला प्रेक्षक बसवले, तर ती दुपारी साडेतीनला उघडेल.

कालिदास कलामंदिर किंवा सायखेडकर नाट्यगृहासारखी जागा घेतलीत तर लक्षात ठेवा, ती नाटकासाठी बांधलेली आहे. पडदा आणि प्रोजेक्टर तुम्हीच आणायचा. १६ बाय ९ फुटांचा पडदा म्हणजे १४४ चौरस फूट. पूर्ण अंधारात सिनेमागृहाइतका उजेड हवा तर प्रत्यक्ष पडद्यावर साधारण २००० ल्युमेन (उजेडाचं माप) पोचावे लागतात. भाड्याच्या प्रोजेक्टरचा दिवा जुना असतो, दाराच्या फटींतून उजेड येतो, म्हणून ५००० च्या खालचा घेऊ नका. साध्या भिंगाचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतरावर प्रोजेक्टर ठेवायचा ते प्रमाण, दीड ते दोन असतो; १६ फूट रुंदीला प्रोजेक्टर २४ ते ३२ फुटांवर येतो, म्हणजे थेट खुर्च्यांच्या मधोमध. त्याच्या आजूबाजूच्या आणि मागच्या काही खुर्च्या विकूच नका. एवढ्या अंतराला साधी एचडीएमआय केबल दगा देऊ शकते, मध्येच चित्र जातं. ऑप्टिकल केबल मागवा. आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान साडेचार-पाच फूट वर ठेवा, नाहीतर सबटायटलची खालची ओळ पुढच्यांच्या डोक्यांमागे जाईल.

आवाजातली नेहमीची गफलत अशी: फाइल ५.१ ची, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलच्या आवाजाची, सभागृहात दोनच स्पीकर. संवाद मधल्या चॅनलवर असतात आणि तो कुठेच जोडलेला नसतो. संगीत दणदणीत, माणसं मुकी. निर्मात्याकडून स्टिरिओ मिक्स, म्हणजे दोन स्पीकरसाठीचा आवाज, वेगळा मागून घ्या.

मुख्य काम सबटायटलचं. फाळक्यांच्या मूकपटातल्या पाट्यासुद्धा एकाहून जास्त भाषांत असत, तेव्हा ही धडपड आपल्या गावाला नवी नाही.

इंग्रजी सबटायटलवरून मराठी करू नका. दिग्दर्शकाकडून मूळ भाषेतली संवादांची यादी मागा. कारण समजा, जर्मन सून सासूला पहिल्या प्रसंगात आदरार्थी ‘झी’ म्हणते आणि शेवटच्या प्रसंगात जवळिकीचं ‘डू’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’ येतं आणि सगळा प्रवास पुसला जातो. मराठीत तो शब्दशः ‘तुम्ही’चा ‘तू’ करून पोचत नाही, उलट सून उद्धट वाटते. पहिल्या प्रसंगात ‘अहो आई’ आणि शेवटी ‘अगं आई’ केलंत की प्रेक्षागृहात सगळ्यांना कळतं. ‘अंकल’चंही तसंच, तो मामा, काका की नुसता शेजारी, हे विचारल्याशिवाय लिहू नका.

दुसरं, कुठल्या ओळींचं भाषांतर करायचंच नाही, हेही दिग्दर्शकाला विचारा. पात्राला समोरच्याची भाषा कळत नाही, म्हणून काही प्रसंग मुद्दाम सबटायटलविना ठेवलेले असतात. उत्साहाच्या भरात ते मराठीत आणलेत तर प्रसंगच मेला.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत सहा-सात शब्द, पडद्यावर किमान एक सेकंद. दुसऱ्या भाषेतले संवाद वेगळे दाखवायचे तर तिरपा टाइप नको, देवनागरीत तो वाचवत नाही. फिका पिवळा रंग द्या. फाइल युनिकोडमध्येच हवी. भाषांतरकाराने श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून दिलं तर पडद्यावर निव्वळ कचरा दिसतो. फॉन्ट तपासायला ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कर्तृत्व’ हे तीन शब्द लावून बघा. अर्धा र तुटला तर फॉन्ट बदला. ओळींत अंतर थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

वेळ जुळत नसेल आणि चूक वाढत जात असेल तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते बघा. सबटायटल २४ फ्रेमच्या प्रतीवर बसवली आणि फाइल २५ ची निघाली, तर तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. म्हणून तालमीत फक्त पहिली दहा मिनिटं बघून समाधान मानू नका. मधला आणि शेवटचा भाग तपासा. तालीम आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने. लॅपटॉपचं इंटरनेट, स्लीप आणि नोटिफिकेशन बंद. दुसऱ्या लॅपटॉपवर तीच फाइल तयार ठेवा आणि लॅपटॉप व प्रोजेक्टर दोन्ही यूपीएसवर लावा.

खेळाच्या दिवशी भाषणं दहा मिनिटांत आटपा. मध्यंतर नसेल तर तसं पत्रिकेवरच छापा. चहा आधी द्या, नाहीतर तासाभराने लोक आपणहून उठतात. नंतरच्या गप्पांना दोन माइक पुरतात, पण दिग्दर्शक ऑनलाइन असेल तर त्याला वेगळा लॅपटॉप. नाशिकरोड आणि सातपूरकडे जाणाऱ्या शेवटच्या सिटीलिंक बसची वेळ पाहूनच खेळाची वेळ ठरवा. गप्पांना कोण थांबणार, ते त्यावरच ठरतं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरच्या प्रती पुसा, ड्राइव्ह परत पाठवा, उपस्थितीचा खरा आकडा निर्मात्याला कळवा. सोबत मराठी सबटायटलची फाइलही द्या. जळगावला किंवा कोल्हापूरला कुणी हाच चित्रपट लावला तर त्यांचे निदान पंधरा दिवस वाचतील.